वाल्मीकी, १९६०

बडोद्यात प्रबंध सादर करण्याचा हंगाम सुरू झाला हे कळायला विद्यापीठाच्या फाटकापर्यंत जावे लागत नाही. सयाजीगंजातल्या झेरॉक्सवाल्यांपुढे पाच मिनिटे उभे राहिले तरी पुरते. एरवी आधार कार्डाच्या रंगीत प्रती आणि भाडेकराराचे मसुदे काढणारी दुकाने एकदम विद्वान होतात. काउंटरवरचा मुलगा मराठी, गुजराती आणि हिंदी एकाच वाक्यात वापरून समास किती सोडायचा, बाइंडिंग काळे की मरून, सोनेरी अक्षरे पाठीवरही हवीत का, असे विचारत असतो. गिऱ्हाईक सगळ्याला हो म्हणते आणि शेवटी हळूच सांगते, "बस, फक्त संदर्भसूची राहिलीय. आज रात्री होऊन जाईल." हे ऐकले की दुकानदार आतल्या पोऱ्याला चहा सांगतो. हे बाइंडिंग या आठवड्यात होत नाही हे त्याला कळून चुकलेले असते.

माझ्या भाचीचे असेच 'फक्त' राहिले होते. बडोदे संस्थानातल्या ग्रंथालय चळवळीवर तिचा प्रबंध. कुठल्या विद्यापीठात, कोणाच्या हाताखाली, हे विचारू नका. तिची तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे. विषय मात्र अस्सल इथला, आणि त्याचा नायक विल्यम ॲलन्सन बोर्डन. सयाजीराव महाराज अमेरिकेत गेले, तिथली ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली या बोर्डनसाहेबांना थेट बडोद्यात घेऊन आले. साहेब इथे राहिले जेमतेम तीन वर्षे. तेवढ्यात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत धाडायची सोय केली, ग्रंथपाल शिकवून तयार केले आणि खास बडोद्यासाठी पुस्तकांच्या वर्गीकरणाची वेगळी पद्धतही आखून दिली. ज्याने एका अख्ख्या संस्थानाची पुस्तके तीन वर्षांत रांगेला लावली, त्याच्यावरच्या प्रबंधातली पुस्तके तेवढ्याच वर्षांत रांगेला लागेनात, हे मी एकदा भाचीला हसत हसत सांगितले. ती हसली नाही.

तिने प्रबंध लाटेकमध्ये केला होता. तंत्रशाखेतल्या मैत्रिणीने तिला पटवले होते की वर्ड हे अर्ज लिहायला ठीक, विद्वान माणसे लाटेक वापरतात. डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञाला स्वतःच्या पुस्तकाची छपाई पसंत पडली नाही म्हणून त्याने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली केली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट याने तिच्यावर लाटेक रचले. आणि १९८५च्या सुमारास ओरेन पॅटाश्निक याने संदर्भसूचीसाठी बिबटेक लिहिला. कल्पना सुरेख आहे. लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल एकदाच एका फाइलीत भरून ठेवायचे. 'शैली' नावाची दुसरी फाइल ते पाहिजे त्या पद्धतीने मांडून देते. आज एपीए, उद्या शिकागो. आपण फक्त शैलीचे नाव बदलायचे. तो एक शब्द बदलण्यात माझ्या भाचीचा अख्खा श्रावण गेला.

बिबटेकची खुबी अशी की तो बोलतो, आणि प्रथमपुरुषी एकवचनात बोलतो. बाकीची सॉफ्टवेअरे काहीतरी आकडा फेकून मोकळी होतात. बिबटेक म्हणतो, 'मला शैलीची फाइल उघडता आली नाही.' 'मला एकही उद्धरण आढळले नाही.' 'मी इथे स्वल्पविरामाची किंवा महिरपी कंसाची अपेक्षा करत होतो.' आणि सर्वांत वरताण म्हणजे, 'या नोंदीतले उरलेले सर्व मी सोडून देत आहे.' हुजूर कचेरीतल्या जुन्या कारकुनाचा हा सूर आहे. आवाज चढायचा नाही, अपशब्द निघायचा नाही आणि काम व्हायचे नाही. एकदा भाचीने महाराजांचे नाव बिरुदांसकट घातले: सयाजीराव गायकवाड, सेनाखासखेल समशेर बहादूर, जी.सी.एस.आय., जी.सी.आय.ई. बिबटेकने कळवले, 'पहिल्या नावात स्वल्पविराम फार झाले आहेत.' इतके स्पष्ट बोलण्याची हिंमत बडोद्याच्या दरबारात कोणाला झाली असती, सांगता येत नाही.

त्यात हे प्रकरण चार फेऱ्यांचे. आधी लाटेक चालवायचे. ते कोणकोणते संदर्भ हवेत याची यादी लिहून ठेवते. मग बिबटेक ती यादी घेऊन नोंदी हुडकतो. मग पुन्हा लाटेक, म्हणजे सूची शेवटी जोडली जाते. आणि आणखी एकदा लाटेक, म्हणजे मजकुरातले उल्लेख आणि सूची यांची गाठ पडते. मधली फेरी चुकली की प्रत्येक विधानापुढे ठळक प्रश्नचिन्ह. 'ग्रंथालयांना गावकऱ्यांनी उदार हस्ते वर्गणी दिली (?).' 'या उपक्रमाने खेड्यांतील स्त्रिया वाचू लागल्या (?).' 'प्रस्तुत संशोधन या क्षेत्रात मोलाची भर घालते (?).' मला तो मसुदा मनापासून आवडला. इतका प्रामाणिक इतिहास मी फार वाचलेला नाही. भाचीने तो फाडला.

या बोंब मारणाऱ्या चुकांचे मला विशेष वाटत नाही. राहिलेला कंस लावला की त्या मिटतात, चौथी फेरी मारली की प्रश्नचिन्हे जातात. खरी भानगड बिबटेक गप्प असतो तेव्हाच चाललेली असते.

नावांचेच घ्या. विल्यम ॲलन्सन बोर्डन हे नाव यंत्राने पहिल्या झटक्यात ओळखले: आडनाव बोर्डन, आद्याक्षरे डब्ल्यू. ए. साहेबाचे नाव साहेबाच्या यंत्राला कळणारच. पण भाचीने इंग्रजीत 'सयाजीराव गायकवाड' लिहून पुढे तिसरे म्हणून रोमन तीन काठ्या घातल्या, तेव्हा बिबटेकने शेवटचा शब्द तो आडनाव या नियमाने तीन काठ्या हेच महाराजांचे आडनाव धरले. मजकुरात छापून आले: 'काठ्या (१९०१) म्हणतात त्याप्रमाणे...' इशारा नाही, तक्रार नाही. त्याच साली निघालेल्या दुष्काळी दौऱ्याच्या टिपणांच्या पुस्तकावर महाराजांचा उल्लेख 'हिज हायनेस द महाराजा गायकवाड' असा आहे. तो तसाच घातला, तर इंग्रजी 'द'चे पहिले अक्षर लहान. लहान अक्षराचा शब्द दिसला की यंत्र त्याला जर्मन किंवा डच आडनावाची शेपटी समजते, आपल्या बीथोव्हनच्या नावात असते तशी. मग सूचीत आले 'द महाराजा गायकवाड, एच. एच.', आणि तेही 'टी' अक्षराखाली. तिसऱ्या नोंदीत आडनाव जुन्या इंग्रजांच्या स्पेलिंगने गायकवार होते, चौथीत नुसते गायकवाड. एकाच महाराजांच्या सूचीत चार गाद्या झाल्या. गादीच्या वारसाचा प्रश्न सोडवायला इंग्रज सरकारने १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून मुलगा आणला होता. इथे कोणाला आणायचे?

विद्यापीठाचे तर पूर्ण नावच 'द महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बरोडा'. यात इंग्रजी 'ऑफ' लहान अक्षराने. यंत्राच्या हिशेबाने बरोडा हे आडनाव, ऑफ ही शेपटी आणि उरलेले सगळे पाळण्यातले नाव. सूचीत उतरले: 'ऑफ बरोडा, टी. एम. एस. यू.' भाची कपाळाला हात लावून बसली. मी म्हटले, अगं, सगळे गाव एम. एस. यू.च म्हणते, यंत्राने एक 'टी' जास्त लावला एवढेच. उपाय सोपा आहे; संस्थेच्या नावाला दुहेरी महिरपी कंस घातले की यंत्र ते अख्खे नाव एकच शब्द समजून मुकाट्याने छापते. पण हा उपाय जे चुकले आहे ते दिसले तरच करता येतो.

रियासतकार सरदेसाई यांनी उमेदीची वर्षे बडोद्याच्या नोकरीत काढली, तेव्हा तेही सूचीत हवेतच. भाचीने 'जी.एस. सरदेसाई' लिहिले, मध्ये जागा न सोडता, आपण मराठी माणसे लिहितो तसे. यंत्राने 'जी.एस.' हा एक शब्द धरून त्याचे पहिले अक्षर घेतले: 'सरदेसाई, जी.' वडिलांच्या नावाचा 'एस' गळाला. आयुष्यभर घराण्यांच्या वंशावळी नीट लावणाऱ्या माणसाचे वडीलच यंत्राने उडवले, आणि वर ब्र काढला नाही. १८९३ ते १९०६ बडोद्यात असलेले अरविंद घोष सूचीत दोनदा आले: एकदा घोष, आणि श्रीअरविंद झाल्यावर 'अरविंद, एस.' त्या 'एस'चा अर्थ श्री. गांधीजी तेवढे सुटले. 'महात्मा गांधी' घाला नाहीतर 'मोहनदास गांधी', इंग्रजीत 'गांधी, एम.' हेच निघते.

आता सालांकडे या. बडोद्यात एकाच वर्षी तीन पुस्तके निघाली, तर इंग्रजी पुस्तकावर १९१०, मराठीवर शके १८३२ आणि गुजरातीवर संवत १९६६ असे असू शकते. तिन्ही बरोबर. भाचीने घाईत तिन्ही आकडे सालाच्या रकान्यात भरले. सालवार लावलेल्या यादीत मराठी पुस्तक महाराजांच्या जन्माआधी एकतीस वर्षे प्रसिद्ध झाले, आणि गुजराती पुस्तक संस्थान विलीन झाल्यानंतर सतरा वर्षांनी. यंत्राला काही वावगे वाटले नाही. चार अंक दिसले, त्याचे समाधान झाले. या यादीवरून कोणी उद्या असा निष्कर्ष काढला, की ग्रंथालय चळवळीत मराठी माणूस पुढे होता आणि गुजराती माणूस शंभराहून जास्त वर्षे मागे राहिला, तर त्याला आधार म्हणून हा प्रबंध दाखवता येईल. निवडणुकीच्या दिवसांत तो दाखवलाही जाईल.

प्राच्यविद्या मंदिराची प्रकाशने म्हणजे बडोद्याचा खरा अभिमान. गायकवाड ओरिएंटल सीरिजचा पहिला ग्रंथ राजशेखराची 'काव्यमीमांसा', १९१६. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती इथेच झाली. तिचे बालकांड १९६० साली निघाले, संपादक जी. एच. भट्ट, उत्तरकांड व्हायला १९७५ उजाडले. लेखक आणि साल मजकुरातच देण्याच्या शैलीत याचे काय होते? '(वाल्मीकी, १९६०)'. आणि '(राजशेखर, १९१६)'. म्हणजे राजशेखर वाल्मीकींना चव्वेचाळीस वर्षांनी ज्येष्ठ. आमच्याकडे जेवायला आलेल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी तो कागद पाहिला आणि श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. नव्या धाटणीच्या पॅकेजात मूळ रचनेचे साल वेगळे देण्यासाठी एक रकाना असतो, असे भाचीने त्यांना सांगितले. त्यांनी विचारले, "मग त्यात वाल्मीकींचे कोणते साल घालणार?" या प्रश्नावर विद्वानांचे एकमत होईपर्यंत थांबायचे तर प्रबंध भाचीच्या नातवाला सादर करावा लागेल.

गंमत अशी की याच नोंदीवर बिबटेक बोलला. वाल्मीकी १९६० सालचे आहेत याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तो म्हणाला, 'लेखक आणि संपादक हे दोन्ही रकाने एका नोंदीत वापरता येत नाहीत.' आणि वाल्मीकी ठेवून भट्टांना गाळले. पन्नासाच्या दशकात ज्यांनी देशभरच्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले ते गेले, आणि ज्यांना या छपाईची कल्पनाही नव्हती ते राहिले. मग मला या यंत्राचा स्वभाव कळू लागला. जिथे माणसाने खरोखर काम केलेले असते तिथे त्याला अडचण दिसते. पुस्तक जुने असले की मुखपृष्ठ फाटलेले असते, प्रकाशक छापलेला नसतो, छापखान्याचे नाव असते पण साल नसते. अशा प्रत्येक पुस्तकावर बिबटेक खाली एक ओळ टाकतो: 'प्रकाशक रिकामा', 'साल रिकामे'. भाचीने उन्हाळ्यात धूळ झाडून, नाकाला रुमाल बांधून मिळवलेल्या एकूण एक पुस्तकावर यंत्राचा ठपका होता.

तिच्या सरांचे म्हणणे वेगळेच होते. सर म्हणाले, "शैली स्टँडर्ड वापर."

"कुठली, सर? एपीए?"

"स्टँडर्ड."

"शिकागो चालेल?"

"अगं, जी सगळे वापरतात ती."

एपीए शैली १९२९ साली सात पानांची होती. आज तिचे पुस्तक चारशे पानांच्या वर गेले आहे. भाचीने शेवटी तीच घेतली, कारण ज्या प्रबंधाची सरांनी स्तुती केली होती त्यात तीच होती. तोपर्यंत प्रकाशनस्थळावरून घरात महिनाभर वाद झाला होता. शहराचे अधिकृत नाव १९७४ साली वडोदरा झाले, त्यामुळे आधीच्या पुस्तकांना बरोडा आणि नंतरच्यांना वडोदरा, हे माझे मत. विद्यापीठ अजूनही स्वतःला बरोडाच म्हणवते, हा भाचीचा मुद्दा. आई म्हणाली, बडोदे लिहा, काय मेलं ते. सगळ्या नोंदींत एकसारखे नाव घालून झाल्यावर कळले, की २०१९च्या सातव्या आवृत्तीत एपीएने प्रकाशनाचे स्थळ द्यायची पद्धतच काढून टाकली आहे. शहर गेले, प्रकाशक उरला.

मराठी पुस्तके देवनागरीत द्यायचा हट्ट तिने धरला, तोही मी पाहिला. जुना बिबटेक इंग्रजी अक्षरावर पोसलेला. त्याच्या लेखी एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीतले साधे 'ग' संगणकात तीन बाइट खाते. आद्याक्षर काढ म्हटले की यंत्र पहिला बाइट उचलते, म्हणजे अक्षराचा एक तृतीयांश, आणि लाटेक पुढे त्या तुकड्यावर अडखळून पडते. यावर बायबर नावाचा नवा गडी नेमला की तो अक्षर अख्खे उचलतो. पण अनुक्रम सांगून ठेवावा लागतो, नाहीतर संगणकाच्या क्रमाने क्षीरसागर 'क'मध्ये जाऊन बसतात, ज्ञानेश्वर 'ज'मध्ये, आणि 'ळ' हा 'व'च्या आधी घुसतो. मराठी कोशात क्ष आणि ज्ञ शेवटी 'ह' आणि 'ळ' यांच्या मागे उभे असतात हे त्याला कोणी शिकवलेले नसते. खरे सांगायचे तर हल्लीच्या मुलांनाही नसते.

क्रमाला इतके महत्त्व का, हे ज्याने एकदा तोंडी परीक्षा पाहिली आहे त्याला सांगायला नको. बाहेरून आलेले परीक्षक प्रबंध हातात घेतात तो मागून उघडतात. आपले नाव आहे का, किती वेळा आहे, आणि त्या दुसऱ्या गृहस्थांपेक्षा जास्त वेळा आहे का, एवढे पाहून झाले की चहा घेतात. म्हणून उल्लेखाच्या क्रमाने सूची लावणारी शैली कधीही घेऊ नये. तीत परीक्षकांना स्वतःचे नाव सापडायला वेळ लागतो, आणि शोधता शोधता त्यांचे लक्ष प्रबंधाकडे जाण्याचा धोका असतो.

अखेर एका रात्री भाचीने चारही फेऱ्या मारल्या आणि इशाऱ्यांची यादी मला मोठ्याने वाचून दाखवली. प्रत्येक खऱ्या पुस्तकापुढे काही ना काही. एकच नोंद निष्कलंक. फिरत्या ग्रंथपेट्यांवरचे १९३४ सालचे इंग्रजी पुस्तक: लेखकाचे नाव सुटसुटीत, आडनाव शेवटी, लंडनचा प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठसंख्या, सगळे रकाने भरलेले. मी विचारले, हे कुठे मिळाले तुला? ती म्हणाली, मिळायचे आहे. एका एआयला 'आणखी काही संदर्भ सुचव' म्हटले होते, त्याने हे दिले, वर बिबटेकच्या फाइलीत भरायला तयार स्वरूपात.

दुसऱ्या दिवशी ती ते शोधायला गेली. जुन्या ग्रंथालयातल्या काकांनी संगणकात पाहिले, मग कार्डांच्या खणांत पाहिले, मग चष्मा काढून म्हणाले, "बेन, आवुं कोई पुस्तक ज नथी." लेखक नव्हता, प्रकाशकाने असे काही काढले नव्हते, पृष्ठसंख्या कोणत्याच कागदाची नव्हती. जे पुस्तक जगात नाही त्याच्या मुखपृष्ठाला वाळवी लागत नाही, त्यामुळे त्याचे साल खाल्ले जात नाही आणि प्रकाशक फाटत नाही. बिबटेकला त्यात खोट काढायला जागाच नव्हती.

तिने ती नोंद उडवली, चार फेऱ्या मारल्या आणि सूची सरांकडे नेऊन दिली. सरांनी ती शेवटून सुरुवातीकडे चाळली, एका जागी थांबले आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, "मागच्या वेळी इथे एक लंडनचे पुस्तक होते ना? ते का काढलेस? सगळ्या यादीत तेवढे एकच नीट लिहिले होतेस."